ड्रायरचा प्लग नागपुरात: वायरमन भाऊंच्या कामाबद्दल

प्रतापनगरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत रोपांसाठी ६०० वॉटचे दोन सोडियम दिवे लावून घेतले, त्याला आता चार महिने होतील. ज्या वायरमन भाऊंनी हे काम केलं त्यांच्याबद्दल लिहिते आहे. पण त्यांच्या आधी एकाने हेच काम करून बिघडवलं होतं. ते सांगितल्याशिवाय भाऊंनी काय केलं हे कळायचं नाही, म्हणून सुरुवात तिथून करते.

मी प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरून भाजीची रोपं तयार करते. वांगी, टोमॅटो, फुलकोबी असतेच, पण खरी मागणी भिवापुरी मिरचीच्या रोपांना. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर तीन मजली इमारत झाली आणि आमच्या मागच्या अंगणाचं पूर्वेचं ऊन गेलं. त्यातून जुलैमध्ये ढग आठ-आठ दिवस हटत नाहीत. रोपं उजेडाच्या ओढीने नुसती उंच होतात, खोड दोऱ्यासारखं राहतं, एक दिवस मान टाकतात आणि मर लागून ट्रेच्या ट्रे रिकामे होतात. मागच्या पावसाळ्यात ९८ कप्प्यांचे अकरा ट्रे असे गेले. आगाऊ पैसे दिलेल्या लोकांना मी तोंड कसं दाखवलं ते माझं मला माहीत.

माझा भाचा आठ वर्षं मिशिगनमध्ये होता. तिथल्या हिवाळ्यात तो घराच्या तळघरात दिव्याखाली टोमॅटो आणि कढीपत्ता वाढवायचा. गेल्या वर्षी बिऱ्हाड घेऊन परत आला, मिहानला नोकरी लागली, आणि कंटेनरमधून आलेल्या सामानात ते दिवेही आले. दोन डिजिटल बॅलास्ट, म्हणजे दिवा पेटवणारे आणि त्याचा करंट आटोक्यात ठेवणारे डबे, एक जुना लोखंडी चोकचा जड बॅलास्ट, दिव्यांवरचे पत्र्याचे रिफ्लेक्टर, आणि एक काळी पेटी. पेटीला चार सॉकेट आणि एक भला जाड प्लग, ज्याच्या चारपैकी एक पिन इंग्रजी एल अक्षरासारखी वळलेली. "मावशी, हा ड्रायरचा प्लग," तो म्हणाला.

अमेरिकेत घरातल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट असतात. १५ अँपिअरच्या लाइनवर तासन्‌तास चालणारा भार ८० टक्क्यांच्या वर न्यायचा नाही असा तिथला नियम, म्हणजे फार तर १४४० वॉट. एवढ्यात त्याचे दिवे बसत नव्हते. कपडे वाळवण्याच्या मशीनसाठी, म्हणजे ड्रायरसाठी, मात्र तिथे वेगळा २४० व्होल्टचा, ३० अँपिअरचा पॉइंट असतो. त्याचे ८० टक्के म्हणजे २४ अँपिअर, ५७६० वॉट. म्हणून लोक दिवे त्यावर घेतात. पण भाच्याने मला आवर्जून सांगितलं की तो पॉइंट जसाच्या तसा वापरणं धोक्याचं आहे. बॅलास्टची कॉर्ड पातळ असते आणि मागचा ब्रेकर ३० अँपिअरचा. कॉर्डमध्ये दोष झाला तर ती तापून वितळेल, तरी ब्रेकरला पत्ता लागणार नाही. त्याने तिथे परवानगी काढून, इलेक्ट्रिशियनकडून मध्ये छोटा बोर्ड बसवला होता आणि त्यातून लहान ब्रेकरवर दिवे घेतले होते. त्याच्या आधीच्या भाड्याच्या घरात जुना तीन पिनांचा ड्रायर पॉइंट होता. त्यात वेगळं अर्थिंग नसतंच, न्यूट्रललाच अर्थिंगचं काम करायला लावलेलं. ते न्यूट्रल कुठे सुटलं तर मशीनच्या पत्र्यात करंट उतरतो. १९९६ पासून तिथे नव्या वायरिंगला चार पिनांचाच पॉइंट लागतो. चार पिनांच्या घरात त्याने दिवे लावले, तीन पिनांच्या घरात नाही लावले, ते याचसाठी.

एप्रिलमध्ये मी बर्डीच्या एका दुकानातून माणूस बोलावला. तरुण मुलगा, हात भराभर चालणारा. त्याने तो जाड प्लग कापला. आत चार वायर: काळी, लाल, पांढरी, हिरवी. आपल्याकडच्या जुन्या सवयीने लाल फेज आणि काळी न्यूट्रल. अमेरिकेत काळी आणि लाल दोन्ही फेज असतात आणि पांढरी न्यूट्रल. त्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं, पण विचारायला हवं होतं. त्याने लाल फेजला जोडली, काळी आणि पांढरी पिळून एकत्र न्यूट्रलला दिली, आणि हिरवी "लागत नाही" म्हणून कापून टेप गुंडाळली. वर सोळाचा प्लग टॉप लावला आणि गीझरच्या पॉइंटमध्ये खुपसला. पेटीच्या आतल्या रिलेची, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचची, कॉइल तिथल्या एका फेज आणि न्यूट्रलमधल्या १२० व्होल्टवर चालणारी. या जोडणीत तिला सरळ २३० मिळाले. दहा मिनिटांत करपल्याचा वास आणि पेटीच्या जाळीतून धूर.

त्याने पेटी काढून टाकली आणि दोन्ही बॅलास्ट, त्यांच्याही हिरव्या वायर तशाच कापून, एका साध्या एक्स्टेंशन बोर्डवर लावले. दिवे लागले. मला आनंद झाला, पैसे दिले. तिसऱ्या दिवशी ट्रेला पाणी देताना ओला हात बॅलास्टच्या डब्याला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. चौथ्या दिवशी बोर्डातला प्लग काढला तर पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं.

मी त्या दिवशी दिवे बंद केले आणि रात्री झोप लागली नाही. विदर्भात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दर उन्हाळ्यात कूलरला हात लागून कोणाचं तरी लेकरू, कोणाची तरी सून गेल्याची बातमी पेपरात असते. पाणी, पत्रा आणि नसलेलं अर्थिंग. माझ्या खोलीत तिन्ही होतं, आणि दुपारी शाळेतून आली की माझी नात तिथे रोपं मोजायला बसते.

वायरमन भाऊ मला त्रिमूर्तीनगरच्या एका ओळखीच्या बाईंकडून मिळाले. पन्नाशीचे असावेत. वायरमनचा परवाना आहे, मी न विचारता त्यांनी दाखवला. सांगितलेल्या दिवसाच्या तीन दिवस उशिरा आले, आणि दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. पण आल्यावर त्यांनी पहिला तास कशालाही स्क्रू ड्रायव्हर लावला नाही. मीटरपासून बोर्डापर्यंत, बोर्डापासून मागच्या खोलीपर्यंत फक्त पाहत फिरले. वीजबिल मागून घेतलं आणि त्यावरचा मंजूर भार वाचला. मग बॅलास्टवरच्या पट्ट्या वाचल्या, चष्मा लावून, एकेक ओळ. माझ्या घरी आजवर आलेल्या कुठल्याही मिस्त्रीने वस्तूवरची पट्टी वाचलेली मी पाहिली नव्हती.

लोखंडी बॅलास्ट त्यांनी लगेच बाजूला सारला. "काकू, हे आपल्या कामाचं नाही. हे साठवर चालते, आपल्याकडं पन्नास आहे. तापून तापून जळून जाईन." भाच्याने नंतर मला नीट समजावलं. तिथे विजेची सेकंदाला ६० आवर्तनं, आपल्याकडे ५०. लोखंडी चोक करंटला जो अडसर करतो तो या आवर्तनांवर अवलंबून असतो. आवर्तनं कमी झाली की अडसर कमी, करंट जास्त, आणि चोक तापत जातो. डिजिटल बॅलास्टवर ५० आणि ६० दोन्ही लिहिलेलं होतं, व्होल्टेजही १२० ते २४०, म्हणून ते चालणार होते.

त्यानंतर अर्थिंग. आमच्या अंगणात काळी माती आहे. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि अर्थिंगचा जुना पाइप अशाच भेगेत मोकळा उभा होता. भाऊंनी मीटर लावलं, अर्थिंगचा अडसर १४ ओहम आला; हा जितका कमी तितकं बरं. मग कोबावर बसून, माझ्याकडून पेन घेऊन, बिलाच्या मागे हिशेब मांडला. समजा बॅलास्टच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली. २३० भागिले १४, म्हणजे साधारण साडेसोळा अँपिअर करंट अर्थिंगमधून जमिनीत जाईल. गीझरच्या पॉइंटवरचा एमसीबी, म्हणजे जादा करंटला पडणारा खटका, १६ चा. एवढ्याशा जादा करंटला तो पडणारच नाही. "मग पत्रा तसाच जिवंत राहीन न, काकू. तुम्ही म्हणान एमसीबी लावला आहे, काहून भ्यायचं?" मी शाळेत गणित शिकवलेली बाई आहे. त्या एका भागाकाराने माझ्या अंगावर काटा आला.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. नवा अर्थिंगचा खड्डा खोदून घेतला, पाइप, कोळसा आणि मीठ भरलं, वर पाणी ओतायला फनेल आणि सिमेंटचं झाकण केलं. मीटरवर अडीच ओहमच्या आत आलं. आणि या लाइनसाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती पडते. म्हणजे करंट माणसाच्या अंगातून जमिनीकडे जायला लागला तर तिला कळतं, एमसीबीला कळत नाही. मला आलेल्या झिणझिण्यांचं कारणही त्यांनीच सांगितलं. डिजिटल बॅलास्टमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर डब्याला जोडलेले असतात. हिरवी वायर जागेवर असली तर त्यांचा थोडासा करंट अर्थिंगमधून निघून जातो. ती कापली की डबा अधांतरी राहतो आणि हात लावणाऱ्यातून वाट काढतो. म्हणजे जी वायर "लागत नाही" म्हणून कापली, तीच मला लागली.

आता वायरिंग. मला वाटत होतं, जितकं जाड आणि मोठं तितकं चांगलं. मी म्हटलं, भाऊ, बत्तीसचा एमसीबी टाका, एसीला टाकतात तसा. ते म्हणाले, एमसीबी वायरचा राखणदार असतो, मशीनचा नाही. वायर पाहून त्याला बसवायचं. भाच्याने ड्रायर पॉइंटबद्दल सांगितलेली गोष्ट हीच होती, फक्त मला तेव्हा ती अमेरिकेची वाटली होती. एक बॅलास्ट २३० व्होल्टला पावणेतीन अँपिअरच्या आसपास घेतो, दोन मिळून साडेपाच-सहा. त्यांनी क्लॅम्प मीटरने मोजून दाखवलं. मग मुख्य बोर्डातून वेगळी लाइन काढली, अडीच एमएमची तांब्याची वायर, मध्ये कुठेही जोड नाही, सुरुवातीला १० अँपिअरचा एमसीबी. खोलीच्या दाराबाहेर, पाण्यापासून दूर, छोटा बोर्ड. त्यात प्रत्येक बॅलास्टला स्वतःचा ६ अँपिअरचा एमसीबी. सगळे सी प्रकारचे, कारण बॅलास्ट सुरू होताना क्षणभर जोरात करंट ओढतो आणि बी प्रकारचा उगाच पडत राहतो. अमेरिकन कॉर्ड कापून, रंग नाही तर मीटर लावून कुठली वायर कुठे जाते ते पाहून, आपले सोळाचे टॉप लावले. हिरवी वायर सगळ्यात लांब ठेवली, कॉर्ड ओढली गेली तर ती शेवटी सुटावी म्हणून.

टायमरच्या बाबतीतही मी चुकले असते. बाजारातून आणलेला साधा टायमर सरळ दिव्यांच्या लाइनमध्ये टाकायचा माझा विचार होता. त्याचे कॉन्टॅक्ट अशा भाराला रोज जोडता-तोडता चिकटतात आणि मग दिवे बंदच होत नाहीत. भाऊंनी कॉन्टॅक्टर बसवला. टायमर फक्त त्याची कॉइल चालवतो, दिव्यांचा भार कॉन्टॅक्टर उचलतो.

दिव्याकडे जाणारी वायर हा वेगळाच विषय आहे, आणि इथे ते सगळ्यात कडक होते. सोडियमचा दिवा २३० व्होल्टवर पेटत नाही. पेटताना बॅलास्ट त्याला काही हजार व्होल्टचे झटके देतो, चार-पाच हजारांपर्यंत, आणि दिवा पेटला की मग व्होल्टेज खाली येतं. आधीच्या मुलाने दिव्याची वायर अपुरी पडली म्हणून साध्या फ्लेक्झिबल वायरचा दोन हात जोड दिला होता, वर नुसती टेप. भाऊंनी तो जोड माझ्यासमोर कापून टेबलावर ठेवला. टेपच्या आत काळं पडायला सुरुवात झाली होती. त्यांनी बॅलास्ट हलवून दिव्याच्या जवळ आणला, भिंतीवर लोखंडी ब्रॅकेटवर, मागे हवा खेळायला तीन बोटं जागा सोडून, आणि मूळची वायरच वापरली. दिवा चालू असताना ती वायर काढायची नाही, बंद केल्यावरही पाच मिनिटं बॅलास्टच्या जोडण्यांना हात लावायचा नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये भरलेलं राहतं. हे त्यांनी मला, माझ्या यजमानांना आणि नातीला, तिघांनाही वेगवेगळं सांगितलं. नातीला खाली बसून, तिच्या डोळ्यांत पाहून.

कूलर त्यांनी त्या खोलीतून काढायला लावला. मला ते पटायला वेळ लागला, कारण मेमध्ये ४५ अंशांच्या वर उन्हाळा आणि त्यात बाराशे वॉटचे दिवे म्हणजे खोली नव्हे, भट्टी. शेवटी कूलर खिडकीबाहेर स्टँडवर गेला, त्याचा पॉइंटही याच आरसीसीबीखाली आला, आणि मे-जूनमध्ये दिवे फक्त रात्री चालवायचे असं ठरलं. घरगुती वापरासाठी हा उपाय बरा आहे, पण खरं सांगायचं तर आमच्या उन्हाळ्याला हे दिवे मानवत नाहीत. ज्यांना नव्याने पैसे घालायचे आहेत त्यांनी एलईडी घ्यावेत. ना हजारो व्होल्टचे झटके, ना एवढी धग. भाऊंनीही मला हेच म्हटलं होतं, त्यांचं काम कमी होत असूनही. माझे दिवे घरात आले होते म्हणून मी लावले.

कामात उणीव नव्हती असं नाही. वायरची पट्टी भिंतीवर उघडीच आहे आणि एका ठिकाणी वाकडी गेली आहे, रोज नजरेला टोचते. अर्थिंगच्या खड्ड्याची माती दोन दिवस अंगणात पडून होती, ती मीच उचलून घेतली. बिल दोनदा मागावं लागलं, मग वहीच्या कागदावर लिहून दिलं, पण प्रत्येक वस्तू आणि तिची किंमत वेगळी मांडून. मजुरी ३,८००, सामान ६,४५०, अर्थिंगचा खड्डा ४,५०० रुपये. पहिल्या माणसाला मी ७०० दिले होते. आकडे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा यजमान जरा गप्प झाले. मी झाले नाही.

आणि एक गोष्ट बिलात नव्हती. महिन्याने ते स्वतःहून आले. नवीन वायर रोज तापते, निवते, त्यात स्क्रू ढिले होतात, म्हणून. मेन बंद करून प्रत्येक टर्मिनल परत आवळलं. कॉन्टॅक्टरचा एक स्क्रू खरोखरच पाव फेरा फिरला. चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

विजेचा खर्च विचारात घ्यावाच लागतो. दोन दिवे दहा तास म्हणजे दिवसाला साधारण १३ युनिट, आणि युनिटचे टप्पे चढत जातात. मी जुलैच्या ढगाळ दिवसांतच दोन्ही लावले, बाकी वेळ एकच. रोपांपासून दिवा अडीच फुटांवर ठेवला, त्याहून जवळ नेला की पानांच्या कडा करपतात. या पावसाळ्यात मिरचीची रोपं बुटकी, जांभळट खोडाची, हिरवीगार निघाली. भिवापूरच्या बाजूचे एक काका चार ट्रे घेऊन गेले, ऑगस्टमध्ये परत येऊन आणखी सहा मागितले.

दर महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचं, असं भाऊंनी बोर्डाच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलं आहे. पहिल्यांदा मी ते दिवे चालू असताना दाबलं. खटका पडला, तो पडायलाच हवा होता, पण गरम झालेला सोडियम दिवा निवल्याशिवाय परत पेटत नाही, त्यामुळे खोली बराच वेळ अंधारात राहिली आणि नात रडायला लागली. आता मी सकाळी, टायमर लागायच्या आधी दाबते. चारही महिने पहिल्या दाबालाच पडली आहे.